अकरा जोड

२०१६ साल होतं, मे महिना. बहारीनला येऊन मला तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि मी एकाहत्तर वर्षांची होते. साल आधीच सांगून टाकते. माझी स्मरणशक्ती चांगली आहे असं सगळेच म्हणतात, आणि पुढे जे सांगायचं आहे त्यात प्रश्न माझ्या स्मरणशक्तीचाच आहे. मंगळवार होता. अरादच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी मेथी निवडत बसले होते. मुलगा दत्तप्रसाद ऑफिसला, सून लीना बँकेत, नात आर्या शाळेत. फोन वाजला. इथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी ओजस. तिशीतला मुलगा, बोलणं नेहमी हसऱ्या आवाजात. म्हणाला, "आजी, अभिनंदन. तुम्ही ज्युरीवर आहात." मी म्हटलं, "कशावर?" तो म्हणाला, "शिवदासचं ठरवायचंय ना. पाच जणांची समिती केलीय. मी गमतीने ज्युरी म्हणतो. तुम्ही सगळ्यात सीनियर, तुमच्याबद्दल कुणाची तक्रार नसणार." मी फोन ठेवला आणि पाहिलं तर निवडलेली पानं मी देठांत टाकली होती आणि देठ पानांत.

ज्युरी हा शब्द मी साठ वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. आपल्याकडे ती पद्धत केव्हाच बंद झाली. पण माझे वडील ज्युरीवर होते. १९५७ साली, मी बारा वर्षांची असताना. ते एका कागदाच्या पेढीत हेडक्लार्क होते. कोर्टाचा कागद आला तेव्हा आईने तो देवापुढे ठेवला होता, मानाची गोष्ट म्हणून. चार दिवस वडील काळा कोट घालून गेले. शेजारचे लोक जिन्यात थांबवून विचारायचे, "काय हो, फाशी का?" आणि वडील म्हणायचे, "बोलता येत नाही." पाचव्या दिवशी ते नेहमीच्या वेळी पेढीवर गेले, आणि त्यानंतर त्या खटल्याबद्दल आमच्या घरात कुणी बोललं नाही. ते का बोलले नाहीत हे मला पुढे तीस वर्षांनी कळलं. त्यांना दिसेनासं झालं होतं आणि मी त्यांची नखं कापत होते. मध्येच म्हणाले, "त्या गल्लीतला दिवा बंद होता." मी म्हटलं, कुठला दिवा? मग त्यांनी सांगितलं. हॉटेलातल्या एका वाढप्यावर खुनाचा आरोप होता. साक्षीदार म्हणाला, गल्लीतल्या दिव्याच्या उजेडात मी याचा चेहरा पाहिला. वडील रोज त्या गल्लीतून पेढीवर जात, संध्याकाळी तिथूनच परत येत. तो दिवा तीन महिने बंद होता. पण न्यायाधीशांनी आधीच बजावलं होतं, इथे जे ऐकाल त्यावरच मत द्यायचं, बाहेरचं काही आत आणायचं नाही. वकिलांपैकी कुणी दिव्याचं विचारलंच नाही. नऊ जणांत सहा विरुद्ध तीन होऊन तो दोषी ठरला. "मी तिघांत होतो," वडील म्हणाले. मग म्हणाले, "तेवढंच केलं." आणि दुसरा हात पुढे केला.

मेथीची जुडी तशीच ठेवून मी खिडकीशी गेले. आमच्या फ्लॅटची ती खिडकी उघडत नाही. काच पक्की बसवलेली, खाली पार्किंग, पलीकडे किल्ल्याची पिवळट भिंत आणि समुद्राची एक पट्टी. एसीचा आवाज सहा वर्षांत मला ऐकू येईनासा झाला होता, तो त्या दिवशी पुन्हा ऐकू यायला लागला. काचेला हात लावला तर पलीकडचं ऊन तळव्याला लागत होतं. मी हात काढला नाही. किती वेळ धरवतो ते बघत राहिले.

शुक्रवारी काय झालं ते सांगायला हवं. दर शुक्रवारी सकाळी, सुट्टीचा दिवस म्हणून, मनामामध्ये भाड्याच्या एका हॉलमध्ये मी मंडळाच्या मुलांचा मराठीचा वर्ग घेत असे. श्लोक, गाणी, बाराखडी आणि शेवटी गोष्ट. अकरा मुलं. त्यांना घरोघरून आणायचं काम शिवदासकडे. हा वेंगुर्ल्याकडचा, वय चौपन्न. आठवडाभर एका कंपनीची बस चालवून सित्र्याच्या कारखान्यांत कामगार पोचवायचा आणि राहायचा तिथेच जवळ, मआमीरला. शुक्रवारी सकाळी कंपनीच्याच परवानगीने व्हॅन घेऊन आमच्या मुलांना आणायचा. बावीस वर्षं या देशात होता. गावाहून आला की माझ्यासाठी सोलं आणायचा. "आजी, ही घराकडची," एवढंच बोलायचा. मी हॉल लावायला दत्तप्रसादबरोबर आधी जात असे, आर्या मात्र हट्टाने व्हॅनने यायची. वर्गात येताना मुलांनी चपला बाहेर काढायच्या, पुढची टोकं दाराकडे न करता उलट बाजूला, जोड सरळ रांगेत. ही शिस्त माझी. कुणाची चप्पल भलतीकडे पडलेली दिसली तर ज्याला दिसेल त्याने उचलून रांगेत लावायची, कुणाची म्हणून विचारायचं नाही, हीसुद्धा माझीच. आया कौतुक करायच्या. घरी बूट फेकणारी मुलं इथे कशी लावतात बघा, म्हणायच्या. आणि त्या रांगेवरूनच शिवदास मुलं मोजायचा. मुलं आत पळाली की तो दाराशी येऊन बोटाने जोड मोजायचा, अकरा झाले की मान हलवून बाहेर जायचा.

त्या शुक्रवारी गंधार, चार वर्षांचा, सगळ्यात लहान, मागच्या सीटवर आडवा होऊन झोपला. पायांतल्या चपला त्याने आधीच काढल्या होत्या, निळ्या, वर नारिंगी खेकडा. उतरताना मुलांच्या पायांनी त्या ढकलल्या गेल्या आणि व्हॅनच्या पायरीवर आल्या. एका मुलीने त्या उचलल्या आणि रांगेत नीट लावल्या. शिवदासने मोजलं. अकरा. मी गाणं घेतलं, श्लोक घेतले, मग हजेरी. गंधार, म्हटलं, तर उत्तर आलं नाही. मी दारातून बाहेर डोकावले. खेकडा दिसला. बाथरूममध्ये असेल, म्हणून मी वहीत त्याच्या नावापुढची जागा कोरी ठेवली आणि गोष्ट सुरू केली. गोष्ट सशाची आणि चंद्राची होती. चंद्र तळ्यात पडला त्या ठिकाणी मी आले होते तेव्हा शिवदास दारात उभा होता, पाण्याची बाटली घ्यायला व्हॅनकडे गेला होता तो, आणि त्याच्या हातांवर गंधार होता, केस कपाळाला चिकटलेले, ओठ उघडे, चेहरा पिकल्या टोमॅटोसारखा. बूट न काढता शिवदास तसाच आत आला. त्याला आत बूट घालून आलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मूल वाचलं. व्हॅनची मागची काच चार बोटं उघडी होती, वर भिंतीची सावली होती. दवाखान्यात सलाईन, दोन दिवस ताप, मग खडखडीत. पण गंधारचा बाप संदेश दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये भिंतीवर मुठी आपटत होता ते मी पाहिलं, आणि कश्मिरा, त्याची आई, मुलाचे तळपाय दोन्ही हातांत धरून बसली होती, सोडतच नव्हती. तिच्या जागी मी असते तर मीही काय केलं असतं सांगता येत नाही. संदेश पोलिसांत निघाला होता. लोकांनी समजावलं. मग ठरलं असं की मंडळाच्या पाच जणांनी शिवदासला विचारायचं आणि ठरवायचं. चूक साधी असेल तर सोडायचं. हलगर्जीपणा आणि वर खोटेपणा असेल तर कंपनीला पत्र द्यायचं. पत्र गेलं की व्हिसा रद्द. जूनमध्ये त्याचं रिन्यूअल होतं. चौपन्नाव्या वर्षी परत गेलेल्या ड्रायव्हरला पुन्हा कुणी बोलावत नाही, हे इथे सगळ्यांना माहीत असतं.

चपला उचलणारी मुलगी आर्या होती. शनिवारी दुपारी मी तिच्या केसांना तेल लावत होते. ती माझ्या गुडघ्यांत पाठ टेकून बसली होती आणि समोर टीव्ही चालू होता, आवाज बंद. म्हणाली, "आजी, आय पुट हिज चप्पल्स इन द लाइन." मी म्हटलं, कुणाच्या? "गंधारच्या. ते स्टेपवर होते. यू सेड ना, विचारायचं नाही." मग मान मागे टाकून उलट्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहत म्हणाली, "वॉज इट गुड?" माझे हात तेलाचे होते. मी म्हटलं, "हो, चांगलं केलंस." आणि वेणी इतकी घट्ट घातली की ती ओरडली.

मंगळवारी, ओजसच्या फोननंतर, मी लीनाला सांगितलं. न सांगता राहवलं नाही. लीना चांगली मुलगी आहे, मला कधी वाकडा शब्द बोलली नाही. ती ऐकत गेली आणि ओट्याचं फडकं पिळत गेली, कोरडं झालं तरी पिळत राहिली. म्हणाली, "आई, आर्याचं नाव यात येता कामा नये. ती सात वर्षांची आहे. उद्या संदेश तिच्याकडे बघून काय म्हणेल? जन्मभर ऐकायला लागेल तिला, तुझ्यामुळे झालं. आणि तुम्हालाही." मी म्हटलं, "मलाही काय?" ती म्हणाली, "चपला बघून तुम्ही बाथरूम म्हणालात ना. म्हणजे तेही निघणार." रात्रीच्या जेवणाला दत्तप्रसाद म्हणाला, "आई, तू त्या कमिटीतून बाहेरच पड." मग स्वतःच म्हणाला, "नको, बाहेर पडलीस तर विचारतील का म्हणून. तू बस. हात वर कर नाहीतर करू नकोस. बोलू नकोस फक्त." आणि आमटी वाढून घेतली. तिघंही जेवलो. पोटात घास जात होता, तो माझाच आहे असं वाटत नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी बैठक होती. वाटेत दत्तप्रसाद कोपऱ्यावरच्या दुकानात, इथे त्याला कोल्ड स्टोअर म्हणतात, दूध घ्यायला उतरला. सवयीने गाडी बंद करून किल्ली घेऊन गेला. इथल्या संध्याकाळीही ऊन जात नाही, फक्त पांढऱ्याचं पिवळं होतं. एसी थांबला आणि गाडीतली हवा घट्ट झाली. सुरुवातीला बरं वाटलं, मग मानेला घाम आला, मग पदराखाली, मग डोळ्यांच्या कडांना. सीटच्या कातड्याचा वास वर यायला लागला. माझ्या हाताशी दार होतं, कडी होती, मी म्हातारी असले तरी कडी ओढता येत होती. मी ओढली नाही. डोळे मिटले. मनात मोजायला लागले आणि मोजताना लक्षात आलं की मी चपला मोजते आहे, एक जोड, दोन जोड. मॅट्रिकला असताना परीक्षेच्या हॉलमध्ये मला अशीच कोंडल्याची भीती वाटली होती, तेव्हा वडिलांनी सांगितलं होतं की बाहेर पडायचं दार कुठे आहे ते आधी बघून ठेव, म्हणजे आत बसवतं. दार मला दिसत होतं. पाच दिवस दिसत होतं. दत्तप्रसाद आला, म्हणाला, "अगं, काच तरी खाली करायची." मी म्हटलं, "किल्लीशिवाय होत नाही." हे खरं होतं.

हॉलमध्ये पाच खुर्च्या आणि समोर एक. विशाखा अध्यक्ष, इथल्या शाळेत गणित शिकवते, वही पेन घेऊन बसलेली. ओजस. दातांचे एक डॉक्टर. रंभाताई, ज्यांच्या घरी गणपतीच्या मोदकांचा सगळा घाट असतो. आणि मी. संदेश भिंतीपाशी उभा होता, बस म्हटलं तरी बसला नाही. शिवदास इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, खुर्चीच्या कडेवर टेकला. डॉक्टर म्हणाले, "शिवदास, पाणी घ्या." त्याने ग्लास घेतला आणि हातातच धरला. विशाखाने विचारलं, "उतरल्यावर मागच्या सीटपर्यंत जाऊन बघितलं का?" तो म्हणाला, "नाय, ताई. मी मोजलंय. अकरा जोड होते. दोनदा मोजलंय." ओजस म्हणाला, "शिवदासभाऊ, मुलं मोजायची की चपला?" शिवदास म्हणाला, "पोरां खंय एका जाग्यार ऱ्हवतत, सायबानू? चपलो ऱ्हवतत." रंभाताई हसल्या, मग पदर तोंडाला लावला. कुणीतरी हसल्यामुळे हवा थोडी हलकी झाली. डॉक्टर म्हणाले, "मागे बघायला हवं होतं, ही चूक. पण असं कधीतरी..." मला वाटलं, सुटतोय हा. मी बोलायची गरजच नाही. इतकं हलकं मला पाच दिवसांत वाटलं नव्हतं.

मग संदेश भिंतीपासून पुढे आला. म्हणाला, "एक मिनिट. आत मुलं किती आली? आजींची वही आहे. दहा. दहा मुलं आणि अकरा जोड कसे होतील? गंधार व्हॅनमध्ये होता, त्याच्या चपला व्हॅनमध्ये. याने मोजलंच नाही, आणि आता वर मोजलं म्हणून सांगतोय. चूक मी माफ केली असती, विशाखाताई, आईशप्पथ केली असती. पण हा माझ्या तोंडावर खोटं बोलतोय." चपला त्या दिवशी गडबडीत मीच पिशवीत घालून कश्मिराकडे पाठवल्या होत्या. त्या व्हॅनमधून काढल्या असतील असं तिला वाटलं, आणि मी काही म्हटलं नव्हतं. विशाखाने माझी वही उघडली. गंधारच्या नावापुढची कोरी जागा तिने बोटाने दाखवली. ओजसने मान पुढे करून पाहिलं. डॉक्टरांनी चष्मा काढला. आता कुणी हसत नव्हतं. विशाखा म्हणाली, "शिवदासभाऊ, दहाच असतील. घाईत मोजलं नसेल. तसं सांगा, आम्ही समजून घेऊ." तिने त्याला दार उघडून दिलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. तो म्हणाला, "अकरा होते." आणि मग ग्लास धरलेल्या हाताने माझ्याकडे दाखवलं, थोडं पाणी सांडलं. "आजी दाराकडेच होती. तिना बघितल्यान आसतला. इचारा तिका."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हॉलमध्ये एसी होता तरी माझ्या कानामागून घामाचा थेंब खाली उतरत होता आणि तो कुठपर्यंत पोचला ते मला नेमकं कळत होतं. विशाखाने किती हळुवार विचारलं. "आजी, तुम्ही आत होतात. चपला किती होत्या, काही आठवतं?" मला काय आठवत नव्हतं? खेकड्याची एक नांगी खरवडलेली होती ते आठवत होतं. डाव्या चपलेचा पट्टा आत दुमडलेला होता तो आठवत होता. माझ्या लग्नात वाढलेल्या पंगतींचे आकडे मला आठवतात, आणि हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, दर गणपतीत मी त्यांना सांगते. मी त्या क्षणी आर्याकडे पाहत होते, ती तिथे नव्हती तरी, मान मागे टाकलेली, उलटे डोळे. मी म्हटलं, "नाही गं. या वयात कुठलं लक्षात राहतंय." विशाखाने माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, "असू दे, आजी." म्हातारपणाचा इतका उपयोग मला आधी कधी झाला नव्हता. शिवदासने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. काळजीने पाहिलं, माझी तब्येत बिघडली असावी तसं. आणि हातातला ग्लास त्याने उठून माझ्यापुढे ठेवला.

त्याला बाहेर बसायला सांगितलं. विशाखा म्हणाली, "पत्र द्यावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा." ओजसचा हात, डॉक्टरांचा, रंभाताईंचा जरा उशिरा, मग विशाखाचा. मी माझे दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि उजवा डाव्याने धरून ठेवला होता. चार विरुद्ध एक. परत जाताना गाडीत दत्तप्रसाद म्हणाला, "तू त्याच्या बाजूने राहिलीस, आई. तुझ्याकडून झालं तेवढं तू केलंस." पुलावर दोन्ही बाजूंना पाणी होतं, शिसं वितळून थंड झाल्यासारखं. मी वडिलांची नखं कापत होते त्या दुपारी मी त्यांना काय म्हटलं होतं ते मला तेव्हा आठवलं. मी म्हटलं होतं, "तुम्ही तिघांत होतात ना, बाबा. मग झालं तर." आणि त्यांनी नुसता दुसरा हात पुढे केला होता. मला तेव्हा वाटलं होतं, त्यांना बरं वाटलं.

शिवदासला जूनच्या आत जायला लागलं. विमानतळावर त्याला कोण सोडायला गेलं ते मला माहीत नाही. त्याच्याच गावचा एक जण आमच्या इमारतीत एसी दुरुस्त करायला येतो. त्याच्याकडून कळतं. शिवदास परत गाडी चालवत नाही. मेव्हण्याच्या दुकानात बसतो. बहारीनहून का आलास म्हणून कुणी विचारलं, तर सगळं सविस्तर सांगतो आणि शेवटी म्हणतो, अकरा होते. गावातली पोरं आता त्याला त्याच नावाने हाक मारतात म्हणे. संदेश आणि कश्मिरा दुबईला गेले. गंधार बारा वर्षांचा आहे, पोहण्यात बक्षिसं मिळवतो, त्याला यातलं काहीच आठवत नाही, आणि त्याच्या आईने कधी सांगितलेलं नाही. रंभाताई कोरोनात गेल्या. डॉक्टर इथेच आहेत, माझी कवळी त्यांनीच केली, पैसे घेतले नाहीत. विशाखा मुलाकडे कॅनडाला राहते आणि दर दिवाळीला फोन करते. ओजस आता मंडळाचा अध्यक्ष आहे. व्हॅन नाही म्हणून आमचा वर्ग त्या जूननंतर पुन्हा भरला नाही. दत्तप्रसाद आणि लीना बरे आहेत. त्या गोष्टीबद्दल आम्ही तिघं बोलत नाही, आणि बोलत नाही हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून बाकी पुष्कळ बोलतो.

आर्या पंधरा वर्षांची झाली. दोन वर्षांपूर्वी एक दिवस शाळेतून आली, दप्तर न काढता माझ्या पलंगावर बसली. म्हणाली, "आजी, त्या व्हॅनच्या वेळी मी चपला ठेवल्या होत्या. डिड यू टेल देम?" तिचा चेहरा इतका ओढलेला होता की ती किती दिवस हे घेऊन फिरत होती कोण जाणे. मी म्हटलं, "सांगितलं होतं, बाळा. त्यांनी ऐकलं नाही." ती रडली, मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. तेव्हापासून ती सगळ्यांना सांगते. शाळेत एकदा निबंधही लिहिला, इंग्रजीत, माझ्या आजीने एकटीने साऱ्यांच्या विरुद्ध उभं राहून खरं सांगितलं म्हणून. बाईंनी तो भिंतीवर लावला होता. मला न्यायला आली होती ती, दाखवायला. मी तो तिथे उभी राहून शेवटपर्यंत वाचला.

मी जे इथे लिहिलं आहे ते तिला वाचता येणार नाही. बोललेलं मराठी तिला समजतं, पण अक्षरं येत नाहीत. बाराखडीत आम्ही ठ पर्यंत आलो होतो.